पनीरावरचे लाल दगड

कंगर, आमच्या डोंगरातली काटेरी रानभाजी, कोवळा असतो तो जेमतेम आठ-दहा दिवस, नंतर नुसते काटे. म्हणून बर्फ वितळताच मी आणि माझी नवी सून खुनाव सकाळीच उतारावर गेलो. ती खालच्या पठारावरची, आमच्या डोंगरातला हा तिचा पहिलाच वसंत. मान खाली घालून खुडत खुडत ती वर सरकली. माझी नजर वर गेली. ती जुन्या लढाईत पेरलेल्या सुरुंगांच्या पट्ट्यात शिरली होती.

"खुनाव, थांब! हलू नकोस!"

"का हो आत्याबाई? चांगला कंगर तुम्हालाच हवा वाटतं?" ती हसली. "लाल दगड अजून कुठं आलेत?"

येणार कुठून? सुरुंग शोधायला आलेल्या माणसांनी धोक्याच्या हद्दीवर रंगवून ठेवलेल्या दगडांतले तीन चांगले सपाट दगड मीच गेल्या वर्षी पनीर दाबायला घरी नेले होते. गावाला हद्द पाठच आहे, असं मनाला सांगून. अक्कल गहाण ठेवली होती मी!

तिनं पुढचा पाय उचलला.

"दगड मी नेले गं! पनीरासाठी!" मी किंचाळले.

ती पांढरीफटक पडली. उचललेला पाय तिनं आधी होता तिथंच टेकवला.

"आल्या पावली परत ये."

"पावलं दिसत नाहीत. सगळं गवत आहे. आत्याबाई, मला लई भीती वाटतीय."

तिच्याहून जास्त मला वाटत होती. तरी मी आत शिरले. जिथं पाय टेकला आणि काही झालं नाही, तिथं झोळीतला एक कंगर टाकायचा, मग पुढचं पाऊल. घामानं डोळे चुरचुरत होते. तिच्यापाशी पोचल्यावर तिला पुढं घातलं.

"कंगरावरच पाय ठेव. इकडं तिकडं बघू नकोस."

वाटेवर आल्यावर खुनावनं वळून माझ्या थोबाडीत मारली. सुनेनं सासूवर हात उचललेला आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता. मी गाल चोळलाही नाही.

"आत्याबाई, आज शुक्रवार," ती एकदम म्हणाली.

आमच्याकडं शाळेच्या सुट्टीचा दिवस. खालून शाळेच्या पोरी कंगरासाठी रिकाम्या पिशव्या नाचवत उतार चढत होत्या, कोण पुढं जातं अशी शर्यत लावून.

मी झोळी फेकून खाली पळत सुटले. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडत होते, "दगड मी नेले! थांबा! दगड मी नेले!"