उज्ज्वलाला गोळी का लागू पडेना

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. गावात मला साखरेचं मशीन म्हणतात. महाळुंगे पडवळच्या बायडाबाईंसाठी त्यांच्या मुलाने, सुभाषने, सात वर्षांपूर्वी मला नारायणगावहून आणलं. तेव्हा माझा केवढा मान! माझा आकडा पाहिल्याशिवाय बायडाबाई चहाला तोंड लावत नसत. पुढे पथ्यपाण्याने त्यांची साखर आटोक्यात आली आणि मी महिन्यातून एकदाच फडताळाबाहेर निघू लागलो. एरवी आतून ऐकू यायचं ते सुभाषच्या बायकोचं, उज्ज्वलाचं कण्हणं.

तिला अर्धशिशी होती. डोक्याची एक बाजू ठणकू लागली की तिला उजेड सोसत नसे, फोडणीच्या वासानेही उलटी होई. दुखणं येऊच नये म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली होती. पाच महिने झाले, तरी दुखणं हटेना. उलट भूक वाढली, अंग सुटलं.

मित्रांनो, गेल्या माघातली ती दुपार मी विसरणार नाही. सकाळपासून दोन वेदनाशामक गोळ्या उलटून पडल्या होत्या. आता उज्ज्वलाच्या तळहातावर त्या रोजच्या गोळ्या होत्या, एकदम चार.

“अगं, येकच सांगितलीय ना डाक्टरनं?” बायडाबाई ओरडल्या.

“येकीनं काय व्हतंय, आत्याबाई? डोकं फुटायची येळ आली!”

तिने आधी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. सकाळपासूनचा हा पाचवा. साखर चढली होती तेव्हा तसली तहान बायडाबाईंनी स्वतः भोगली होती. त्यांनी सुनेची मूठ घट्ट धरली.

“गोळ्या खाली ठेव. आधी बोट दे.”

मला ओढून बाहेर काढलं. रक्ताचा थेंब पट्टीवर टेकला, माझी काच लुकलुकली आणि विझली. सेल संपले होते! सुभाषने रिमोटमधले सेल काढून मला घातले, नवी पट्टी लावली. पाच सेकंदांनी माझ्या काचेवर आकडा उमटला.

तीनशे बेचाळीस.

“आये, हे हिचं हाय?” सुभाषने मला उचलून आकडा पुन्हा पाहिला.

जीपने तिघं नारायणगावला निघाली. मी बायडाबाईंच्या पिशवीत होतो. ती रोजची गोळी देणाऱ्या डॉक्टर प्रतिभाताईंनी माझा आकडा पडताळला, वजन आणि बीपी पाहिलं, जुनी चिठ्ठी वाचली.

“साखर, वजन, बीपी बिघडलेलं असलं की अर्धशिशीचं औषध कधीकधी हवं तसं लागू पडत नाही. त्यात या गोळीने काहींचं वजन वाढतं. मधे एकदाही दाखवायला आला नाहीत. आणि त्या चार एकदम घेतल्या असत्या तर जिवावर बेतलं असतं.”

उज्ज्वलाच्या डोळ्यांना धार लागली. “मला वाटलं, गोळीच खोटी हाय.”

गोळी बदलली. साखरेचं औषध सुरू झालं, जेवणाच्या वेळा लागल्या, रोज ओढ्यापर्यंत चालणं आलं. महिन्यातले दहा दिवस खाणारं दुखणं आता तीनवर आलंय. पुरतं गेलं नाही. पण परवा लेकीच्या, समृद्धीच्या शाळेत लेझीम वाजत असताना उज्ज्वला शेवटपर्यंत मांडवात बसली.

मित्रांनो, गोळी लागू पडेना तर ती मनाने वाढवू नका, सोडूही नका. डॉक्टरांना सांगा आणि साऱ्या शरीराची तपासणी करून घ्या. मी सात वर्षं त्याच घरात होतो. उज्ज्वलाचं बोट मात्र त्या दिवसापर्यंत कुणी माझ्यापुढे धरलंच नव्हतं.