केनीची धर्ममाता

"पहिली सही तुझीच पाहिजे, उर्सुला," असं म्हणत शेजारच्या पीटरने तिच्या हातात पेन कोंबलं आणि कागद पुढे सरकवला.

नंदाखालला सेबॅस्टियनच्या ओट्यावर त्या रविवारी अर्धं गाव जमलं होतं. सॅमी हा उर्सुला आणि सेबॅस्टियनचा एकुलता एक मुलगा. त्याच्या गळ्यातल्या साखळीसाठी गावातल्याच त्याच्या मित्राने, केनीने, त्याला कोयत्याने मारलं आणि बावखलाच्या तळ्यात ढकलून दिलं, त्याला चार वर्षं होत आली होती. वर हा पठ्ठ्या तीन दिवस सगळ्यांबरोबर सॅमीला शोधत फिरला, उर्सुलाच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी खाल्ली आणि रडलाही. खालच्या कोर्टाने त्याला फाशी सुनावली तेव्हा गावाने फटाके वाजवले. पण फाशी हायकोर्टाने कायम करावी लागते. तिथे माशी शिंकू नये म्हणून पीटरने अख्ख्या गावाच्या सह्यांचा अर्ज तयार केला होता. गाव करी ते राव न करी, यावर त्याचा फार विश्वास.

उर्सुलाने अर्ज वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"मी नाय करत सही."

"अगं, सॅमीसाठी आहे!"

"सॅमीने सांगितलंय तुला?"

पीटरने कागद मागे ओढला. त्याला माघार घ्यायला लावायची किमया आजवर फादरनाही साधली नव्हती. सेबॅस्टियन मात्र उठून आत गेला आणि त्या दिवसापासून त्याने बायकोशी बोलणं टाकलं. चहा हवा असला की कप आपटायचा.

एक गोष्ट गाव सोयीने विसरलं होतं. केनी दीड महिन्याचा असताना बाप्तिस्म्याला त्याला उर्सुलाने हातावर धरलं होतं. ती त्याची धर्ममाता. तान्ह्या बाळाला कुठे बोलता येतं? म्हणून फादर विचारतात आणि उत्तरं धर्ममाता देते. सैतानाचा धिक्कार करतोस का, असं फादरनी विचारलं आणि उर्सुलाने पोराच्या वतीने खणखणीत 'होय' म्हटलं होतं. तिचा तो शब्द केनीने मातीत घातला, याचा तिला भयंकर संताप होता. तो समोर आला असता तर तिने त्याच्या कानाखाली जाळ काढला असता. पण तारीख ठरवून, डॉक्टर उभा करून, थंड डोक्याने एका माणसाचा गळा आवळायचा, आणि तोही तिच्या सॅमीच्या नावाने? हे काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना.

पंधरा दिवसांनी विरारहून सुरुची आली. केनीची फाशी टळावी म्हणून त्याच्या वकिलांसाठी ती त्याच्या लहानपणाची माहिती गोळा करत होती. दहा घरांनी तिच्या तोंडावर दार लावलं. अकरावं घर कोणाचं हे ठाऊक असल्याने ती मान खाली घालून स्कूटर पुढे काढत होती.

"ए पोरी," उर्सुलाने सोनचाफ्याच्या झाडाखालून हाक मारली, "आमच्याकडे का नाय आलीस?"

"मावशी, तुम्हाला कसं विचारणार मी? मला खूप ऑकवर्ड होतंय."

"मग कोणाला विचारणार? मी हातावर धरलेला त्याला. बस. लिही."

केनीचा बाप गेल्यावर तो कसा हिच्याच घरी जेवायचा, सॅमीबरोबर एका बाकावर कसा बसायचा, पेरू कसे चोरायचा, सगळं तिने सांगितलं. सतराव्या वर्षी तो दारूला लागला तेही सांगितलं.

"तेव्हा त्याला धरून विचारायचं काम माझं होतं. मी नाय विचारलं. ते पण लिही," उर्सुला म्हणाली आणि पदराने डोळे पुसून पुन्हा फुलं खुडायला लागली.

काही महिन्यांनी हायकोर्टात न्यायमूर्तींनी तिला उभं केलं. "बाई, तुमच्या मुलाला न्याय नको का?"

"पाहिजे, साहेब. केनीला सोडू नका. म्हातारा होईपर्यंत आत ठेवा. पण मारू नका. सॅमीला मारला तेव्हा खुनी एकटा केनी होता. आता तुम्ही मारलात तर माझ्या नावाने मारणार, म्हणजे मीच मारणार."

सरकारी वकील उठले. कायद्याने दिलेली फाशी आणि खून यांत फरक असतो, असं त्यांनी समजावलं.

"मरणाऱ्याला नाय कळत तो फरक," उर्सुला म्हणाली आणि खाली बसली.

निकालाच्या दिवशी ती वाडीत होती. फोनवर सुरुची रडतच ओरडली, "मावशी, फाशी रद्द! जन्मठेप!" उर्सुलाने चाफ्याची टोपली खाली ठेवली, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "जिंकले रे!" चार वर्षांत तिला इतका आनंद झाला नव्हता. अंगातून वीज गेल्यासारखं वाटत होतं.

कुंपणापलीकडून पीटर डोकावला. "कोण जिंकलं?"

"मी! आणि तू पण. तुला उद्यापरवा कळेल."

संध्याकाळी केनीची आई ज्युली आली. खून झाल्यापासून ती या गल्लीत फिरकली नव्हती. ओट्यावर पाऊल ठेवताच ती उर्सुलाच्या पायांशी वाकली. उर्सुलाने तिला दंडाला धरून उभं केलं.

"पाया नको पडू. मी त्याला माफ नाय केलेला. अजून नाय." मग तिने आवाज खाली आणला. "तू जेलात भेटायला कधी जातेस?"

"येत्या शनिवारी."

"मी येणार. सॅमी शेवटी काय बोलला, ते या जगात फक्त त्यालाच माहीत आहे. ते मला पाहिजे."

ज्युली तोंडाला पदर लावून उभी राहिली. मागे दारात सेबॅस्टियन कधीचा येऊन थांबला होता. तो ओट्यावर आला.

"सकाळी किती वाजता निघायचं?" त्याने बायकोला विचारलं.