खोटं बोललं तर काय होतं

अपील फेटाळलं गेलं. वैष्णवीचं म्हणणं खालच्या कोर्टाने खरं धरलं होतं, वरच्यानेही खरंच धरलं. संपली गोष्ट.

आता हे विसरा. असं काही झालेलंच नाही. सकाळचे सव्वादहा वाजलेत, निकाल कोणाच्या बापाला माहीत नाही, आणि आर्णीचे वामनराव नागपूरला हायकोर्टाच्या व्हरांड्यात मांडीवर डबा घेऊन बसलेत.

वामनराव मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवतात. वैष्णवी त्यांची नात. ती सात वर्षांची असताना समोरच्या घरातल्या माणसाने तिच्यावर अत्याचार केला. काय केलं ते कोर्टाच्या कागदांत आहे. पुन्हा लिहायची गरज नाही. यवतमाळच्या विशेष कोर्टाने त्याला दहा वर्षं दिली. त्याने अपील केलं. ते मंजूर झालं, तर तो घरी येणार होता. त्याच्या आणि वैष्णवीच्या दारामध्ये फक्त एक नाली.

अपिलात बावीस मुद्दे होते. सहा वर्षं वामनरावांना एकच मुद्दा छळत होता.

लहान साक्षीदाराला जज आधी नाव, शाळा, वर्गशिक्षिका असे दोन-चार प्रश्न विचारतात, खरं-खोटं कळतं का ते बघायला. हे वामनरावांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून त्यांनी अकरा दिवस नातीकडून पंचशीलातलं चौथं शील घोटून घेतलं: खोटं बोलायचं नाही. पालीत, मग मराठीत. विहारातल्या पोरांत तिचा उच्चार एक नंबर.

जजसाहेबांनी विचारलं, "खोटं बोललं तर काय होतं?"

"काहीच नाही होत. गोविंदाकाका रोजच बोलते."

कोर्टाने हे जसंच्या तसं लिहून घेतलं. गल्लीतल्या गोविंदाची इतकी अचूक नोंद दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदावर नसेल.

"मग तू खरं का सांगशील?"

"मी नाही सांगितलं तर कोण सांगन? तिथं आम्ही दोघंच होतो. तो तं सांगतच नाही."

परतीच्या एसटीत वामनराव तिला म्हणाले, "अकरा दिवस पाठ करून घेतलं तुह्याकडून! एवढं सोपं होतं!" ती खिडकीकडे तोंड करून बसली. तेव्हापासून विहारात ती पाचातली चारच शीलं म्हणते. चौथ्याला ओठ बंद.

पुढे हाच गोविंदा आरोपीचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. शपथ घेऊन म्हणाला, हा माणूस त्या दिवशी दिवसभर माझ्यासोबत ढाणकीच्या बाजारात होता. त्या दिवशी गोविंदाचा अंगठा आर्णीच्या रेशन दुकानातल्या मशीनवर उमटला होता. उरलेला गोविंदा ढाणकीला गेला असेल. पण खोटं बोललं तर काय होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्याचं वय एक्केचाळीस.

साडेदहाला वैष्णवीची वकील प्रेरणा आली. वामनराव उठले.

"मॅडम, एक सांगाचं होतं. पोरीले मीच पढवलं होतं."

प्रेरणाने हातातली फाईल मिटली. "काय पढवलं?"

"चौथं शील."

"आणि काय घडलं, ते?"

"ते मी काय पढवतो? तिनंच सांगितलं तवा आम्हाले कळलं."

"मग झालं तर."

"झालं काय! पाठ असून बोलली नाही नं ते!"

प्रेरणाने फाईल पुन्हा उघडली. "वामनराव, मी आत नेमकं हेच सांगणार आहे. तुम्ही मात्र बोलू नका."

आत आरोपीचे वकील म्हणाले, "माय लॉर्ड, मुलीला खऱ्याचं महत्त्वच कळत नाही. म्हणते, काहीच होत नाही."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "तुमचा तो ढाणकीवाला साक्षीदार. त्याला काय झालं?"

वकिलांनी पानं उलटली. पुढची उलटली, मागची उलटली. "काही नाही, माय लॉर्ड."

"म्हणजे मुलीचं उत्तर बरोबर होतं."

कोर्टात कुणी हसलं नाही.

"आणि तुमचा मुद्दा सात म्हणतो, घरच्यांनी तिला पढवलं. पढवलेली मुलगी असं उत्तर देईल?"

मग न्यायमूर्ती सावकाश सांगत गेले. लहान मूल सहज पढवता येतं, म्हणून त्याची साक्ष जपून बघायची. पण जपून बघणं म्हणजे आधीच खोटी धरणं नव्हे. या मुलीने दिवसाचा वार चुकीचा सांगितला, फ्रॉकचा रंग बदलला. मूळ गोष्ट पोलिसांपुढे, मॅजिस्ट्रेटपुढे आणि कोर्टात, तिन्हीकडे तीच राहिली.

निकाल काय लागला ते तुम्हाला कुठून तरी आधीच कळलं असेल. वामनरावांना तेव्हा कळला. त्यांनी डबा न उघडताच परत आणला.

घरी वैष्णवी आठवीचा अभ्यास करत होती.

"तुहं उत्तर बरोबर होतं," ते दारातूनच म्हणाले. "मीच चुकलो."

"मले माहीत होतं, आबा."

"मंग सहा वर्षं बोलली काहून नाही?"

"तुम्ही विचारलंच नाही."

वामनरावांनी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने डबा उघडला, अर्धी पोळी त्यांना दिली, अर्धी स्वतः घेतली आणि वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. लिहून झाल्यावर खाली नाव घातलं नाही. तिचं नाव कुठेच छापायचं नाही, असा कायदा आहे. त्यामुळे कोर्टाने उत्तर पाठवायचं कुणाला, हा प्रश्न तसाच राहिला.

प्रति,
मा. प्रबंधक, उच्च न्यायालय, नागपूर खंडपीठ

विषय: मोठ्या माणसांना प्राथमिक प्रश्न विचारण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये विनंती की, यापुढे अठरा वर्षांवरील प्रत्येक साक्षीदारास साक्षीपूर्वी त्याचे नाव, शाळा, वर्गशिक्षिकेचे नाव, तसेच खोटं बोललं तर काय होतं, हे विचारण्यात यावे. उत्तर पाठ केल्यासारखे आल्यास साक्ष जपून तपासावी. साक्षीदार ढाणकीहून आल्याचे सांगत असल्यास, अंगठाही सोबत आला होता काय, याची खात्री करावी. केलेल्या कार्यवाहीबाबत उलट टपाली कळवावे, ही नम्र विनंती.