ओढ्यापलीकडचं झाड

ओढ्याच्या काठाशी फिलोमेनने सवयीने डोक्यावरची टोपली उतरवली आणि ती नेहमीच्या सपाट दगडावर जाऊन बसली.

"बसतेस काय? ऊठ," तिची सासू म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना आता टोपली पेलत नाही. पुढेही तूच घे."

नदीच्या वरच्या अंगाच्या गावातून लग्न होऊन इथे आल्यापासून, झाडांवरून खायच्या अळ्या पडायच्या दिवसांत फिलोमेन सासूला या ओढ्यापर्यंत सोडायला येई. इथून पुढे म्हातारी एकटी जाई. पलीकडच्या रानात कुठेतरी, या अळ्या जिच्यावर वाढतात त्या सापेलीचं एक झाड होतं, तिला तिच्या आईकडून मिळालेलं. आईने ते लेकीला दाखवायचं, पुरुषाला नाही, परक्याला नाही, असा त्यांच्या घराण्याचा नेम. सासूला सगळं गाव कोको, म्हणजे आजी, अशीच हाक मारी. पण तिला स्वतःला लेक नव्हती. एकच मुलगा, फिर्मिन. तेव्हा झाड आता सुनेला दाखवायचं की नाही, हे कोकोच्या मनावर. दगडावर बसून वाट बघताना फिलोमेनला वाटे, इतकी वर्षं झाली, अजून मी परकीच.

आणि कुतूहल तर होतंच. कारखान्याचा भोंगा झाला, अंगावर लाकडाचा भुसा घेऊन माणसं बाजारात आली, की 'कोकोच्या झाडाच्या अळ्या' सगळ्यांच्या आधी संपत. ते झाड असेल तरी केवढं? जाताना टोपलीत पानात बांधलेले कसाव्याचे उंडे आणि मिठाची पुरचुंडी असे. "झाडाला ठेवायला," असं कोको सांगे. एवढं मीठ खाणारं झाड फिलोमेनने दुसरं पाहिलं नव्हतं.

आज त्यांच्याबरोबर लाकूडतोड कंपनीचा अनिसे होता, दोन हातांत रंगाचे दोन डबे घेऊन. पाऊस सरला की हे रान तोडायला घेणार होते, आणि पहिली टोळी यायची होती ती फिर्मिनचीच. तोडायच्या झाडाला लाल फुली. ज्याच्या अळ्यांवर एखादं घर चालतं, त्या झाडाला पांढरा पट्टा; पण ते झाड घरच्यांनी येऊन दाखवायचं. न दाखवलेलं झाड चारचौघांसारखंच आडवं होणार.

"काय वहिनी, आज दगडाला सुट्टी वाटतं?" अनिसे म्हणाला.

"तू रंग सांभाळ. मागच्या खेपेला स्वतःच्याच पँटीला पट्टा मारलास म्हणे."

"मग! म्हणून तर मला अजून कुणी तोडलं नाही."

कोको हसली नाही. ती पाण्यात उतरली होती.

पलीकडे एक जुनी वाट होती. कधीकाळी ओंडक्यांचे ट्रक इथून जात. आता छत्रीसारख्या पानांची झाडं माजली होती. अनिसे खोडं थोपटत पुढे निघून गेला. वाटेच्या कडेला शेवाळाने मढलेला एक बुंधा होता, त्यावर अख्खं घर जेवायला बसावं एवढा. कोको त्यावर टेकली, आपल्या ओट्यावर बसावं तशी.

"दमलात?" फिलोमेनने विचारलं. "झाड लांब आहे का अजून?"

"त्यावरच तर बसलेय."

फिलोमेनने बुंध्याकडे पाहिलं, मग हातातल्या टोपलीकडे.

"मग हे उंडे? हे मीठ?"

"एसाम्बाला. पुढे रानातल्या लोकांची वस्ती आहे, तिथली. ती अळ्या देते, मी हे देते."

"आणि झाड कुणी तोडलं?"

कोको नखाने शेवाळ खरवडत राहिली. "तुझ्या सासऱ्यांनी. त्या संध्याकाळी सदऱ्यात अळ्या बांधून घरी आले. खूश होते. म्हणाले, झाड पडलं तसा अंगावर अळ्यांचा पाऊस पडला बघ. यंदा तुझी पायपीट वाचली. मी त्या धुतल्या, तेलात परतल्या. पोटभर जेवले."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्यांना कुठे ठाऊक होतं? पुरुषाला दाखवायचं नाही, अशी आईने शपथ घातली होती. मी ती पाळली."

"तरी दर वर्षी येत राहिलात."

"आले नसते तर त्यांनी विचारलं असतं."

फिलोमेन काही बोलणार, तोच तिने मान वळवली. आभाळ कोरडं होतं, तरी कुठेतरी वाळल्या पानांवर बारीक टपटप चालू होती. ती आवाजाच्या रोखाने गेली. एका सरळसोट सापेलीखाली तिने हात पसरला, तर तळव्यावर काळे कण पडले. वर पानांची चाळण झाली होती. हजार तोंडं चरत होती, आणि काही अळ्या खोडावरून खाली निघाल्याही होत्या.

"सापडलं का, कोको?" अनिसेने हाक मारली.

"हे," मागून येत कोको म्हणाली.

अनिसेने खोडाला कवेत घेऊन पाहिलं. "हे तुझ्या आईचं? हे तर पोरगं आहे गं."

"आईचं कोण म्हणालं? हिचं आहे." कोकोने हनुवटीने सुनेकडे दाखवलं. "मार पट्टा."

टोपली तिथेच भरली. उंडे आणि मीठ तरीही एसाम्बाकडे पोचवलं. झाड मिळालं म्हणून मैत्रीण टाकायची का, असं कोकोचं म्हणणं.

रात्री ताटावर बसता बसता फिर्मिन म्हणाला, "काय, दिसलं का एकदाचं ते गुपित? आम्हाला काय, आम्ही पुरुष. वाटीत आलं ते खायचं."

फिलोमेनने सासूकडे पाहिलं. म्हातारी चुलीतली ढलपी सारखी करत होती.

"सांग त्याला," ती वळून न बघता म्हणाली. "रंग काय, पावसाने जातो."

"ओढा ओलांडला की जुन्या ट्रकच्या वाटेने जायचं," फिलोमेन म्हणाली. "एक मोठा बुंधा लागेल. तिथे थांबायचं आणि नीट ऐकायचं."

"तो बुंधा माहीत आहे मला. बाबांनी पाडलेल्या झाडाचा, त्या अळ्यांच्या पावसाचा." फिर्मिनने उंड्याचं पान सोडलं. "बाबा म्हणायचे, त्या वर्षापासून तुझ्या आईच्या अळ्यांची चव बदलली. पण तिच्याजवळ बोलू नकोस म्हणायचे."

कोकोचा हात ढलपीवर तसाच राहिला. मग ती उठली आणि अळ्यांची वाटी तिने मुलापुढे सरकवली.

"खाऊन बघ," ती म्हणाली. "आणि कशी लागते ते माझ्या तोंडावर सांग."