न भाजणारे पाय

पितळी तपेल्यातलं पाणी खळखळ उकळायला लागलं आणि आमच्या मूलंकुन्न गावच्या चर्चमधली सगळी माणसं एकदम गुडघ्यांवर आली. मीही आले. सगळे खाली आणि आपण एकटंच उभं, हे बरं दिसत नाही.

पेसहाचा गुरुवार होता. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून या संध्याकाळी आमचे पाद्री, कुरियाकोस अच्चन, गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुतात. एरवी कोमट पाणी असतं, साबणाची वडी असते, आणि बाराही जण घरूनच पाय घासूनपुसून आलेले असतात. या वर्षी मात्र वेदीसमोर गॅसची शेगडी होती, शेगडीवर तपेलं होतं आणि तपेल्यामागं हात जोडून 'दासांचा दास' उभा होता.

हे त्याचं नाव नव्हे, पदवी. नाव इसहाक. नाक्यावरच्या फ्लेक्सवर 'दासांचा दास' ही अक्षरं येशूपेक्षा मोठी होती. अनवाणी चालायचा. चिखलाचे पाय घेऊन चर्चच्या दारात यायचा आणि आपलीच पावलं पुसायला फडकं मागायचा. ते बघून बाया रडायच्या. त्याची पांढरी गाडी टेकडीखाली टायरच्या दुकानामागं उभी असायची. बसमधून उतरताना मी ती पाहिली होती.

"लेकरांनो, मी किडा आहे!" इसहाक ओरडला. "किड्याहून लहान आहे! माझ्याएवढा लहान माणूस या अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही!"

"लहान असण्यातसुद्धा पहिला नंबर हवाय मेल्याला," मी शेजारच्या बाईला म्हटलं.

"तू गप गं थ्रेसिया. कुवेतला जाऊन आल्यापासून तोंड सुटलंय तुझं."

"हे पाणी म्हणजे आग आहे!" इसहाक सांगत होता. "पाप्याला जाळेल. पण ज्याचं मन निवलंय, त्याला हे विहिरीच्या पाण्यासारखं लागेल. मी काही करत नाही हो. मी कोण करणारा? मी नुसता ओततो."

त्यानं तपेलं शेगडीवरून उतरवलं आणि एक गाणं धरलं. संपता संपेना. मग चोचीच्या पितळी झारीत पाणी भरून तो पहिल्या म्हाताऱ्यापुढं गुडघे टेकून बसला आणि पायावर धार धरली. भपकन वाफ उठली.

"भाजतंय का, आजोबा?"

"नाही बा. काहीच लागत नाहीये."

चर्चभर हुंदका फुटला. इसहाकनं तो पाय जाड पंच्यात गुंडाळला, पंच्यावरून त्याचं चुंबन घेतलं आणि वर पांढरी पट्टी बांधली. "ईस्टरपर्यंत सोडायची नाही. आत कृपा काम करते आहे." मग दुसरा पाय. मग पुढची खुर्ची.

मी नर्स आहे, टेकडीखालच्या सरकारी दवाखान्यात. मला राग यायला हवा होता. आला नाही. आई गेल्यापासून आत काही हलतच नव्हतं. कामाला जायचं, यायचं, भात लावायचा, अप्पाचनच्या पायाची पट्टी बदलायची. कुणी रडलं तरी तेच, हसलं तरी तेच. त्या संध्याकाळीही मी तशीच बसून होते, पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखी.

अप्पाचन, म्हणजे माझे वडील औसेप, शेवटच्या खुर्चीवर होते. कमरेला नवं पांढरं मुंडू, दाढी केलेली, दोन्ही हात मांडीवर. शाळेत बक्षीस मिळणार असलेलं पोर बसावं, तसे बसले होते. जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यात रबराच्या झाडांचा चीक काढला त्यांनी, आणि या खुर्च्यांवर नेहमी मळेवालेच बसलेले पाहिले. अंगठ्याखालची जखम मी कित्येक महिने धुऊन-पुसून नुकतीच भरून आणली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, शुगरचा पाय आहे, पुन्हा काही झालं तर ठेवता येणार नाही.

खुर्ची कशी मिळाली, ते सांगते.

आदल्या आठवड्यात इसहाक घरोघर फिरला होता. बरोबर कुरियाकोस अच्चन. आमच्याकडं खुर्ची पुसून ठेवली होती, तर हा भुईवर बसला.

"डोळे मिटा, औसेपचेट्टा. पवित्र आत्मा ज्या पायाला शिवेल, तो पाय सांगा." आणि झग्यातून त्यानं एक पांढरं पीस काढलं.

अप्पाचननी डोळे घट्ट मिटले. पीस टाचेवरून निघालं, तळव्यावरून बोटांपर्यंत गेलं.

"अजून काही नाही, अच्चन."

पीस परत फिरलं. दुसऱ्या पायावर गेलं.

"अजून नाही. माझंच काही चुकतंय का?"

"काही चुकत नाही," इसहाकचा चेहरा उजळला होता. "निवडलं तुम्हाला!"

पुन्नूस मुतलाळी हा आमच्याकडचा मोठा मळेवाला. पहिली खुर्ची पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरची. तर त्याच्या तळव्याला पीस लागताक्षणी तो टुणकन उडाला म्हणे. इसहाकनं त्याला सांगितलं, "तुमच्यावर कृपा आधीच झालीय. तुम्हाला कशाला हवी खुर्ची?" गावाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गरिबांना मान देणारा साधू आला!

मी अप्पाचनना म्हटलं होतं, "आम्ही दवाखान्यात नायलॉनच्या दोऱ्यानं हेच करतो. पाय बधिर झालाय का, ते बघतो. याला तुमचा बधिर पाय कशाला हवाय?"

"मोळे, पोरी, मला आजवर कुणी कशासाठी निवडलं नाही. एकदा निवडलंय, तर तू त्यातही दोरा शोधतेस."

 कशाला हवाय, हे मलाही कळत नव्हतं. कुरियाकोस अच्चननाही विचारलं, तर ते म्हणाले, "शंका घेणं सोपं असतं, थ्रेसिया. त्याच्याकडून थोडं वाकायला शिकू या आपण."

आता त्या ओळीकडं बघताना मला एकेक पाय ओळखू यायला लागला. हा काट्याचा. हा चप्पल गळून पडली तरी न कळलेला. हा उंदरानं कुरतडल्याचं सकाळी समजलेला. बाराही जणांचे पाय आमच्या शुगरच्या ओपीडीतले होते. त्यांना भाजत नव्हतं असं नाही. भाजलेलं कळत नव्हतं.

आणि झारी शेवटच्या खुर्चीपाशी पोचली होती.

मी उठून धावले. आमच्याकडं बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मधली वाट ओलांडून मी पुरुषांत शिरले तशी बोंब झाली. उजव्या पायावर पाणी पडून गेलं होतं. झारी डाव्याकडं वळली आणि मी मध्ये हात घातला.

हात असा पोळला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. कित्येक महिन्यांत मला काहीतरी लागलं होतं.

"भाजतंय!" मी ओरडले. "पाणी भाजतंय! थांबवा हे!"

इसहाक क्षणभरही गडबडला नाही. "बघा, लेकरांनो! अविश्वास कसा भाजतो, बघा!"

"आलेलुया!" चर्च घुमलं.

"थ्रेसिया, जा इथून," अप्पाचन खाली मान घालून म्हणाले. "माझी शोभा करू नको."

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं, तर गेले असते. मी इसहाकच्या हातातली झारी धरली. "माझा विश्वास कमी, बरं. तुमचा तर जिल्ह्यात एक नंबर ना? बसा खुर्चीवर. मी धुते तुमचे पाय."

"दास धुतो, बाई. धुवून घेत नाही."

"शिष्य पेत्रसही येशूला पाय धुवू देईना. येशूनं ऐकलं का त्याचं?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"मी त्या लायकीचा नाही. मी किडा आहे."

"मग किड्यापुरते चार थेंब ओतते."

"हिला बाहेर काढा!" तो किंचाळला. आवाजातला मध एकदम संपला. दोघं-तिघं उठलेही. तेवढ्यात वेदीजवळून कुरियाकोस अच्चन घाईनं आले, अप्पाचनशेजारी भुईवर बसले आणि पायातले मोजे काढायला लागले.

"माझ्या पायावर ओत, मोळे."

"अच्चन, तुम्ही?" इसहाक पुढं झाला. "लोक काय म्हणतील? तुमच्या पदाला—"

"पद राहू दे बाजूला. ओत गं."

मी अगदी थोडं ओतलं.

"अय्यो!" अच्चननी पाय असा झटकला की समईच कलंडली. तीस-पस्तीस वर्षं आमची लग्नं लावणारा, आमची माणसं पुरणारा हा माणूस सगळ्या गावासमोर पाय धरून कळवळत होता.

 मग मागून एक आवाज आला, "म्हणजे अच्चनचीही श्रद्धा कच्चीच?"

"असेल," अच्चन म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "श्रद्धा कच्ची असेल. पण पाणी गरम आहे. याला इथं मी आणला. पोरगी विचारायला आली, तर तिला मी नम्रतेवर प्रवचन दिलं. खरं सांगू? गर्दी बघून मी हुरळलो होतो. इतकी माणसं माझ्या चर्चमध्ये कधी आली नव्हती. चूक माझी आहे. आता हिला बोलू द्या."

मला बोलता येत नव्हतं. करून दाखवता येत होतं. झावळ्यांच्या रविवारी वाटलेलं एक पान वेदीवर होतं, त्याची टोकदार पट्टी फाडली.

"आजोबांनो, सगळ्यांनी डोळे मिटा. ज्याच्या बोटाला पान लागेल, त्यानं हात वर करायचा."

पायाला बांधलेल्या पट्ट्या सोडल्या आणि पान फिरवत गेले. बोटावरून बोटावर, खुर्चीवरून खुर्चीवर. गाव बघत होतं. एकही हात वर झाला नाही. बाराही म्हातारे डोळे मिटून, वाट बघत बसले होते.

"थट्टा आहे सगळी," पुन्नूस मुतलाळी पुढं आला आणि त्यानं पाय पुढं केला. "मला लावून दाखव."

लावलं. मुतलाळी पोरीसारखा खिदळत मागं कोसळला. लोक हसले, आणि हसता हसता एकदम थांबले. पट्ट्या सुटलेले पाय त्यांना आत्ता दिसले होते. लालभडक झाले होते, टोमॅटो सोलावा तशी कुठं कुठं कातडी सुटायला लागली होती.

"शुगर जुनी झाली की पाय बधिर होतात," मी म्हटलं. "पीस लागत नाही, खिळा लागत नाही, चटका लागत नाही. यानं पीस फिरवून नेमके तसेच पाय निवडले. उकळी तुम्हाला दाखवली, मग गाणं लांबवून पाणी थोडं निवू दिलं, पण भाजेल इतपतच. स्वतःचं बोट एकदाही बुडवलं नाही. फोड उद्या येतील, म्हणून वर पट्टी. ईस्टरला पट्टी सुटेल तेव्हा हा पुढच्या गावात किडा झालेला असेल."

मी वळून बघितलं, तर दासांचा दास नव्हताच. दारातल्या चिखलात त्याची पावलं होती, आणि फडकं मागायला तो थांबला नव्हता. टेकडीखालून गाडी सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"विहिरीचं पाणी आणा," मी म्हटलं. "भाजल्यावर गार पाणी घालायचं. खूप वेळ."

बादल्या आल्या. कुरियाकोस अच्चन एकेका म्हाताऱ्यापुढं बसून हळूहळू पाणी घालत राहिले. कुणी गाणं म्हटलं नाही. शेवटी त्यांचा स्वतःचाच पाय एवढा सुजला की उठवेना, तेव्हा पुन्नूस मुतलाळीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि कसंनुसं तोंड करून बादली हातात घेतली.

घरी पेसहाचं अप्पम, म्हणजे तांदळाची बिनखमिराची भाकरी, केलेलं होतं, वर झावळीचा क्रूस ठेवलेला. घरच्या कर्त्यानं ते मोडून सगळ्यांना द्यायचं. आता सगळे म्हणजे मी. अप्पाचननी मोडलं, तुकडा गुळाच्या दुधात बुडवून माझ्या हातावर ठेवला. माझ्या भाजलेल्या हातावर नाही, दुसऱ्या.

"दुखतंय का, अप्पाचन?"

"नाही."



अप्पाचनचा डावा पाय वाचला. उजव्याची जखम उघडली आणि पंजा अर्धा कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर ते छताकडं बघत म्हणाले, "एकदाच मिळाली होती खुर्ची." मला रडू यायला हवं होतं. मी सलाईन तपासलं.

कुरियाकोस अच्चन रोज सकाळी यायचे. भुईवर बसायचे, पट्टी सोडायचे. मी शिकवलं होतं तशी जखम धुवायचे. सुरुवातीला अप्पाचन पाय मुंडूखाली ओढून घ्यायचे.

"अच्चननी माझा पाय धरायचा? नको हो. बरं दिसत नाही."

"माझ्या मोठेपणापायी गेलाय तो, औसेप. द्या इकडं." मग वास आल्यावर नाक मुरडून, "बाप रे, बारा प्रेषितांत असा कुणाचा नसेल हो!"

अप्पाचन हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. मी स्वयंपाकघरात होते. तिथंच खाली बसले आणि मला रडू फुटलं, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

पुढच्या पेसहाला अच्चननी पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं. मग खुर्चीवर बसले आणि आपले पाय अप्पाचनकडून धुवून घेतले. अप्पाचननी बोटांच्या बेचक्याही पुसल्या. प्रवचन झालं नाही. त्याऐवजी सगळ्यांनी शेजारच्याचे तळवे नीट बघायचे, एवढंच त्या दिवशी ठरलं होतं. काटे निघाले, भेगा निघाल्या, एकाच्या टाचेत खिळा निघाला.

तुमच्या गावातही कुणी येईल. उकळतं पाणी असेल, निखारे असतील, आणखी काही असेल. तो स्वतःला धूळ म्हणवून घेईल, आणि तुम्हाला ते फार आवडेल. भांडू नका. एवढंच म्हणा, आधी तुम्ही बसा, आम्ही ओततो. जो खरा वाकलेला असेल तो बसेल, भाजलं तर ओरडेल आणि चूक झाली म्हणेल. दुसरा गाडीकडं पळेल.

आणि घरातल्या म्हाताऱ्यांचे पाय रोज बघत जा. दुखतंय का, हे विचारू नका. ते नाहीच म्हणतील. दिवा जवळ घ्या आणि बघा.