कडीचा डबा

वहिनींनी ओपनर हिरव्या डब्याच्या कडेला लावला आणि दातओठ खाऊन पहिला दाब दिला. पत्र्यात पातं रुतलं. मग कुर्र कुर्र करत झाकण सुटत गेलं. टेबलाच्या पलीकडे वन्सं खिडकीकडे तोंड करून, पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. चाखणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही असा नियम होता, आणि तो त्यांनीच घातला होता.

"डब्यावरचं चित्र दिसलं की माणूस चित्रच खातो," त्या सकाळी म्हणाल्या होत्या. "तुम्ही उघडा, मी चाखते."

वहिनींनी चमचाभर खारवलेलं मटण बशीत काढलं, शेजारी ब्रेडचा तुकडा ठेवला आणि बशी वन्संच्या खांद्यावरून पुढे सरकवली. वन्संनी घास बराच वेळ तोंडात घोळवला.

"मीठ जास्त."

"खारवलेलंच आहे ते."

"म्हणून काय समुद्र ओतायचा त्यात? आणि दोरे किती! असल्या दोऱ्याने मी शिडं शिवायचे."

वहिनींनी हिरवा डबा बाजूला सारला. स्टोव्हजवळच्या बोक्याने मात्र त्यातलं सगळं चाटूनपुसून खाल्लं.

पाण्याच्या या काठावर वाऱ्याचे महिने सुरू झाले की बोट बंद होई. पलीकडच्या शहरातून मग ना भाजी येई, ना ताजं मांस. दुकानात उरत ते बटाटे, मेणबत्त्या आणि दुकानदाराच्या गप्पा. ज्यांना जमे ते वाऱ्याआधीच घराला कुलूप लावून पलीकडे जात, आणि जे राहत ते फडताळ भरून ठेवत. वन्सं राहणाऱ्यांतल्या होत्या. लग्न न करता त्यांनी जन्मभर इथल्या कारखान्यात शिडं आणि ताडपत्र्या शिवल्या होत्या, त्या पैशांतून हे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, आणि दर वर्षी त्याचं फडताळ त्यांचं त्यांनीच भरलं होतं.

पण गेल्या वर्षी वन्संचा भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, वारला. तेव्हापासून वहिनींच्या मुलाने आत्यामागे लकडा लावला होता, की यंदा वाऱ्यात एकटीने राहायचं नाही, आमच्याकडे यायचं. तिच्यासाठी खोलीला रंगही देऊन झाला होता. आत्या दाद देईना, तेव्हा त्याने आईला धाडलं.

"तूच घेऊन ये तिला," तो म्हणाला. "तुझं ऐकेल."

वहिनींना हसू आलं होतं. चाळीस वर्षांत वन्संनी त्यांचं ऐकलं होतं ते एकदाच, आणि तेही रेडिओ बारीक करण्याबद्दल.

इथे आल्यावर दोन दिवस दोघींची जुंपली आणि शेवटी सौदा ठरला. वारा पडेपर्यंत पुरेल आणि घशाखाली उतरेल असं अन्न वहिनींच्या पसंतीने फडताळात भरून झालं, तर वन्सं इथेच राहणार आणि उद्याच्या शेवटच्या बोटीने वहिनी एकट्या परतणार. नाही जमलं, तर त्याच बोटीत वन्संची पेटीही चढणार. दुकानात मांसाच्या डब्यांचे जेवढे प्रकार होते, त्यांतला एकेक दोघींनी चाखण्यासाठी आणला होता.

खरं सांगायचं तर वन्संनी यावं असं वहिनींना मनापासून वाटत होतं, आणि ते काही वन्संच्या काळजीपोटी नव्हे. मुलगा आणि सून सकाळी कामाला जात ते दिवेलागणीला परतत. दुपारी वहिनी एकट्या जेवत. नवरा होता तेव्हाही चवीबद्दल त्याच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही. ताटात पडेल ते खाऊन तो "छान" म्हणे आणि हात धुवायला उठे. त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवणारं माणूस एकच होतं. लग्न होऊन त्या आल्या त्या पहिल्याच दिवशी या नणंदेने घास घेऊन भुवई चढवली होती आणि "वहिनी, मीठ कमी आहे," म्हटलं होतं. त्या भुवईचा तेव्हा त्यांना इतका राग यायचा! आता दुपारी भिंतीवरच्या घड्याळासमोर जेवताना तीच भुवई आठवायची.

"झोप लागली का तिकडे?" वन्संनी विचारलं.

वहिनींनी निळ्या डब्याला ओपनर लावला. पुन्हा कुर्र कुर्र. आत मिरी घातलेल्या दाट रश्शात कोंबडीचे तुकडे होते. वन्संनी एक घास खाल्ला आणि काही न बोलता बशी पुन्हा मागे केली. वहिनींनी आणखी चमचाभर वाढलं.

"बरी आहे," वन्सं म्हणाल्या.

वन्संच्या तोंडचं "बरी आहे" म्हणजे दुसऱ्या कुणी उभं राहून टाळ्या वाजवण्यासारखं होतं. वहिनींचं मन जरा खट्टू झालं. निळा डबा जिंकला तर उद्याची बोट त्यांना एकटीला गाठावी लागणार होती.

त्यानंतरच्या डब्यातले सॉसेज वन्संनी एका शब्दात निकालात काढले. "रबर."

शेवटी लाल डबा राहिला. त्याला ओपनर लागत नव्हता. झाकणावर कडी होती. वहिनींनी त्यात बोट घालून ओढलं, फट् करून हवा सुटली आणि झाकण एका दमात निघून आलं. आत दाबून बसवलेल्या मांसाची गुलाबी वीट होती, भोवती थरथरती जेली. बोका आशेने टेबलाजवळ आला, त्याने वास घेतला आणि सरळ स्टोव्हखाली जाऊन बसला. वहिनींनी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. पावसात भिजलेला पुठ्ठा कुणी खाल्ला असेल तर त्याला ती चव कळेल.

वन्संनी घास पटकन गिळला. वर घोटभर पाणी प्यायल्या.

"हा घ्यायचा."

"हा?"

"उत्तम आहे. पेटीभर घ्या."

"अहो वन्सं, बोक्यानेसुद्धा तोंड फिरवलंय!"

"तो उंदीर खातो. त्याला काय कळतंय?"

वहिनींच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यांना खरोखर वाईट वाटलं. चाळीस वर्षं ही बाई घरी आली की त्या तिच्यासाठी चुलीपुढे घामाघूम झाल्या, सणवार म्हणू नका, आजारपण म्हणू नका. "उत्तम" हा शब्द वन्संना येतो हेच त्यांना आज समजलं होतं.

"माझ्या हातचं कधी उत्तम म्हणाला नाहीत," त्या म्हणाल्या.

वन्संनी रिकामी बशी मागे केली.

"तुमच्या हातचं डब्यात मिळत नाही," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

वहिनी आवराआवर करू लागल्या. साखरेची बरणी फडताळात ठेवायला म्हणून त्यांनी ती झाकणाला धरून उचलली, तर झाकणच हातात आलं आणि साखर टेबलभर सांडली.

"वन्सं, सकाळपासून सांगतेय, झाकणं घट्ट लावत जा! मुंग्या होतील."

"इथे मुंग्या टिकत नाहीत. वाऱ्याने उडून जातात."

साखर गोळा करता करता वहिनींच्या मनात शंका आली, की वन्संची जीभ तर गेली नसेल? चिमूटभर मिठाचा फरक ओळखणारी ही बाई पुठ्ठ्याला उत्तम म्हणते! ज्याला चवच कळत नाही, त्याला नासलेलंही कळणार नाही. मग अशा माणसाला इथे एकटं ठेवून कसं जायचं? ही काळजी खरी होती. तिच्यामागून पेटी बोटीत चढण्याची थोडी आशाही वर आली होती, आणि वहिनींना तिची लाज वाटली नाही.

"एकदा पुन्हा चाखा," त्या म्हणाल्या. "मनात शंका नको."

"हात दमतील तुमचे."

"उघडेच आहेत डबे. नुसतं वाढायचं तर आहे."

त्यांनी मुद्दाम आधी लाल डब्यातलं वाढलं. वन्संनी तोंडात घातलं मात्र, आणि त्या शहारल्या.

"शी! खळ आहे ही. वहिनी, हे कुणाच्या ताटात वाढायच्या लायकीचं आहे का?"

"आणि हे?"

"ही मघाची कोंबडी. मिरी चांगली पडलीय."

जीभ ठणठणीत होती. वहिनी गोंधळून लाल डब्याकडे बघत राहिल्या. मघाशी हेच उत्तम होतं. मघाशी आणि आत्ता यांत काय बदललं होतं? त्यांनी टाकून देण्यासाठी झाकण उचललं आणि सहज म्हणून कडीत बोट अडकवलं. आत्ता फक्त डबा उघडल्याचा आवाज झाला नव्हता. मघाशी वन्संनी चाखण्याआधी फट् असा आवाज ऐकला होता.

त्यांनी फडताळाकडे पाहिलं. साखर, चहा, डाळी, लोणी. एकाही बरणीचं झाकण फिरवून बसवलेलं नव्हतं, सगळी नुसती वर टेकवलेली होती. दुधाच्या बाटलीवर उलटी वाटी होती. खिडकीखालच्या शिवणयंत्रावर चादर घातली होती आणि तिच्यावर कुंड्या मांडल्या होत्या, त्या आजकालच्या नव्हत्या, त्यांचे गोल डाग पडले होते. वन्संच्या अंगात डोक्यातून घालायचा बिनबटणांचा स्वेटर होता. जन्मभर जाड सुई रेटलेले त्यांचे हात मांडीवर होते, आणि अंगठे त्यांनी मुठींत लपवून धरले होते. दोन दिवस वहिनी याच घरात होत्या आणि त्यांना एवढं उमगलं नव्हतं.

म्हणजे मुद्दा चवीचा नव्हताच. ओपनर वन्संना फिरवता येत नव्हता, आणि कडी चमच्याच्या दांड्याने का होईना उचकटता आली असती. तेवढ्यासाठी ही नाकाने कांदे सोलणारी बाई वारा पडेपर्यंत पुठ्ठा खायला तयार होती.

टेबलावर कोपऱ्यात दुकानदाराने वर भरीला दिलेला आणखी एक, न उघडलेला निळा डबा होता. तो नुसता वन्संपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, हा तेवढा उघडून दाखवा. सौदा तिथेच संपला असता. संध्याकाळपर्यंत पेटी भरून झाली असती, मुलगा खूश झाला असता, आणि रंगवलेल्या खोलीत दुपारच्या जेवणाला सोबत झाली असती. वहिनींनी डबा हातात घेतला. तो जड होता.

"आधीचं ते कुठलं होतं?" वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज जरा दबकाच होता.

वहिनींनी डबा फडताळात ठेवला.

"सॉसेज," त्या म्हणाल्या. "कुस्करून वाढले होते."

"तरीच," वन्सं म्हणाल्या आणि त्यांचे खांदे सैल पडले. "लालची गोष्टच वेगळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी धक्क्यावरच्या दुकानात गेल्या. दुकानदारच बोटीची तिकिटं विकत असे. त्याने दोघींना पाहून पेन कानावर अडकवलं.

"मग, लागला का निकाल?"

"लाल," वन्संनी सांगितलं. "पेटीभर."

"निळा," वहिनी म्हणाल्या. "दोन पेट्या."

वन्सं गर्रकन वळल्या. "वहिनी! काल लाल ठरलाय."

"फडताळ माझ्या पसंतीने भरायचं, हेही ठरलंय."

"निळ्यात मिरी फार आहे."

"मिरी चांगली पडलीय म्हणालात."

"अहो, पण तो..." वन्संनी हात कोटाच्या खिशांत घातले. दुकानदार बघत होता. "तो उघडायला वेळ लागतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"लागू दे की. वाऱ्यात दुसरं काय काम असतं?"

दुकानदाराने पेट्या ओढून आणल्या आणि मान हलवली. "बाई, एका माणसाला दोन पेट्या म्हणजे फार होतात हो. पुढच्या वर्षापर्यंत उरतील."

"एका माणसाला उरतील," वहिनी म्हणाल्या. "आणि दुपारच्या बोटीत माझी जागा ठेवलीय ना तुम्ही? ती कुणाला हवी असेल तर देऊन टाका. मुलाला मी फोन करते."

दुकानदाराने एकदा या बाईकडे आणि एकदा त्या बाईकडे पाहिलं, आणि कानावरचं पेन काढून तो निमूटपणे तिकिटांकडे वळला. बाहेर धक्क्यावर माणसं बोटीत गाद्या आणि पिंजरे चढवत होती.

"एक ओपनर पण द्या," वहिनी म्हणाल्या. "चांगला मजबूत. घरातल्याने हात भरून येतात माझे."

दुकानदाराने ओपनर काढून पेट्यांवर ठेवला. वहिनींनी तो उचलला, रुमालाने पुसला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. वन्सं त्या चेनकडे बघत होत्या.

"मागच्या खोलीतली खाट खिडकीपासून हलवायला हवी," त्या म्हणाल्या.

"कशाला? मला वारा बाधत नाही."

"तुम्हाला नसेल बाधत. रात्रभर खोकाल आणि जागरण मला."

"बरं, हलवू."

वन्संनी नाक ओढलं. डोळे पुसायला खिशातून हात काढावा लागला असता, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले.

"आणि वहिनी, मीठ," त्या म्हणाल्या.

"मिठाचं काय?"

"घरात बेताचंच आहे. आणि तुमच्या हातून नेहमी कमी पडतं."

वहिनी दुकानदाराकडे वळल्या.

"मिठाचा पुडा द्या हो एक," त्या म्हणाल्या. "मोठा."