डब्यातला शेवटचा पडदा

"हात मागे! आणि शिंक आली तर आधी दाराबाहेर पळ," प्रयोगशाळेत शिरताच मावशीने दम भरला.

"मी काय चोर आहे?"

"चोर परवडला. तो निदान गप्प राहून काम करतो."

माझी मावशी पेशींचं बोलणं मोजते. खरंच! पेशी एकमेकींना निरोप म्हणून जी प्रथिनं सोडतात, ती सायटोकाइन्स. ज्या द्रवात पेशी वाढल्या, तो मावशी कागदासारख्या एका छोट्या पांढऱ्या पडद्यावर ओतते. पडद्यावर न दिसणारे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका फक्त आपलाच निरोप धरतो. मग विशेष कॅमेऱ्याखाली ते काळे उमटतात. इतकं भारी काम आणि बाई घरी येऊन निमूट भांडी घासते!

तिने पेशींना नवं औषध दिलं, तेव्हा सूज उतरवणाऱ्या निरोपाचा ठिपका काळाकुट्ट उमटला होता. औषधाविना तो फिकट होता. तेव्हापासून आजी फोनवर सगळ्यांना ऐकवत होती, "आमच्या धाकटीने शोध लावला हो!" मावशीची तात्पुरती नोकरीही आता कायम होणार होती.

डब्यात एकच पडदा उरला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख, मावशीचे सर, दारातून डोकावले.

"तोच प्रयोग पुन्हा कर गं. ठिपका पक्का, नोकरी पक्की."

"सर, औषधाच्या वेळी द्रवाची बाटली नवी फोडली होती, औषधाविना केलं तेव्हा जुनी होती. ठिपका बाटलीतूनच आला असेल तर?"

"अगं, उद्या नोकरी ठरवणाऱ्या समितीला काय दाखवणार?"

"उमटेल ते."

सर मान हलवत गेले. मी कुजबुजले, "मावशी, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"उद्या कुणी आजारी माणूस हे औषध घेईल. त्याच्या पायाचं काय?"

तिने नव्या बाटलीतला नुसता द्रव घेतला, एकही पेशी नसलेला, आणि पडद्यावर ओतला.

रात्रभर पडदा भिजला. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर मी मनात घोकत होते, येऊ नको, येऊ नको.

आला. त्याच जागी, तितकाच काळा. म्हणजे ठिपका औषधाचा नव्हताच, बाटलीतल्या द्रवाचा होता.

माझे डोळे भरले. मावशी पडद्याकडे वाकून बघत राहिली. "किती स्वच्छ उमटलाय बघ," ती म्हणाली. आणि शपथ, तिच्या आवाजात कौतुक होतं!

समितीच्या खोलीला काचेचं दार होतं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मावशी टेबलापाशी उभी राहिली, ओढणी नीट केली आणि दोन फोटोंपैकी आधी नुसत्या द्रवाचा फोटो पुढे सरकवला.